भिंतीकडे तोंड केलेला बॉक्स

त्या वर्षी माझ्या कंबरेने दगा दिला नसता तर त्या बॉक्सची आणि माझी गाठ कधीच पडली नसती.

मी तेव्हा सहा बायकांच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. सोमवार ते शुक्रवार एका शाळेच्या ऑफिसात नोकरी, आणि शनिवार-रविवारी कुठे हळदीकुंकू, कुठे सोसायटीची पूजा, कुठे नवरात्र. माझा ॲम्प जुन्या पद्धतीचा होता, व्हॉल्व्हचा, आणि उचलायला भरल्या पिंपासारखा. भाईंदर पूर्वेची आमची बिल्डिंग चार मजली, लिफ्ट नाही, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. गिरगावातली खोली सोडून बाबांनी हा फ्लॅट घेतला तेव्हा दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत म्हणून आम्ही सगळे खूश झालो होतो. जिना कुणी मोजला नव्हता. एका कार्यक्रमाहून परत येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कंबरेत कट्‌कन काहीतरी वाजलं आणि मी ॲम्पवरच बसले. पंधरा दिवस पाठीवर पडून काढले. डॉक्टर म्हणाले, "गिटार वाजवा हवी तेवढी. पण हे धूड पुन्हा उचलायचं नाही."

म्हणून मी प्रोसेसर घेतला. नवीन नव्हे, एका ओळखीच्या गिटारवाल्याने वापरलेला. पायाशी ठेवायची लोखंडी पाटी ती, वर बटणं आणि एक पेडल. पण तिच्या पोटात मोठमोठ्या ॲम्पचे आवाज नक्कल करून भरलेले होते. जो ॲम्प मला आयुष्यात परवडला नसता तो बटण दाबलं की हजर. हेडफोन लावून पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मी जेवायचं विसरले. मग तीच पाटी मी माझ्या जुन्या ॲम्पला जोडली, आणि पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी कोंडावी तसा आवाज निघाला.

बाबा आतल्या खोलीतून उठून आले. बाबांनी जन्मभर टेलिफोनच्या लाइनींची दुरुस्ती केली होती. खांबावर चढून, नुसतं कानाला लावून, बिघाड कुठल्या गल्लीत आहे ते सांगायचे. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच होतो, आणि माझ्या गिटारीत काही बिघडलं की बाबांना बरं वाटायचं.

"अगं, नकलेवर नक्कल होतेय," ते म्हणाले. "या पाटीच्या आत एक ॲम्प आहे, आणि बाहेर तुझा दुसरा. दोघं एकदम बोलतायत. तुला मुका स्पीकर पाहिजे. स्वतःचं काही न बोलणारा. आत गेलं तेच बाहेर आलं पाहिजे, कमी नाही आणि जास्त नाही."

तसा स्पीकर मिळतो, त्याला बॉक्समध्येच पॉवर असते, हे मलाही ऐकून माहीत होतं. कुठला चांगला, ते माहीत नव्हतं. तेव्हा आमच्याकडे हे असलं कुणी वापरत नव्हतं. मग लागोपाठ चार शनिवार आम्ही बापलेक मीरा रोडपासून बोरिवलीपर्यंत दुकानं फिरलो.

बाबांची परीक्षा घ्यायची पद्धत वेगळी होती. मी गिटार काढायला लागले की ते हात वर करून थांबवायचे. "गिटारीवर कान फसतो. आवाज जरा गोड आला की आपण खूश. माणसाच्या आवाजावर फसत नाही, घरच्या माणसाच्या तर नाहीच." मग ते स्पीकरकडे पाठ करून उभे राहायचे आणि मी लांब जाऊन माईकवर हळू आवाजात बोलायचं. काय पण बोल, भाजीची यादी म्हण.

कीबोर्डवाल्यांसाठी असतो तो ॲम्प ऐकून ते म्हणाले, "ही माझी मुलगी, पण सर्दी झालेली." कार्पेट चिकटवलेला, दुकानातच जुळवलेला एक मोठा बॉक्स ऐकून म्हणाले, "ही माझी मुलगी, पण बादलीत तोंड घातलेली." तिसऱ्याचा वरचा भोंगा इतका सूं-सूं करत होता की मी बोलायच्या आधीच त्यांनी मान हलवली. दुकानदार कंटाळायचे. "अंकल, गाना लगाऊँ क्या? गाने में मालूम पड़ेगा." बाबा म्हणायचे, "गाने में कुछ मालूम नहीं पड़ता."

चौथ्या शनिवारी मीरा रोडच्या एका दुकानदाराने आम्हाला कटवण्यासाठी असेल, पण एक पत्ता दिला. चौक गावात, उत्तनच्या पुढे, एका घरात परदेशी बनावटीचा बारा इंची बॉक्स पडून आहे. गावातल्या लग्नांना लावायला एकाने आणला होता. तो जहाजावर नोकरीला गेला, आता घरी त्याची वहिनी एकटीच असते. "मस्त पीस है. लेकिन कोई लेता नहीं," तो म्हणाला. का, ते त्याने सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

रविवारी दुपारी आम्ही रिक्षाने निघालो. मुर्धा, राई मागे पडलं, मिठागरांचे चौकोन संपले, आणि सुकत घातलेल्या बोंबलांचा वास सुरू झाला. हिवाळ्याचे दिवस होते. दुपारचे दोन वाजले होते तरी समुद्रावर धुकट होतं, आणि किनाऱ्याच्या होड्या अर्ध्याच दिसत होत्या.

घर समुद्राला तोंड करून होतं. पुढे ओसरी, ओसरीखाली अंगण, अंगणात पांढरा क्रूस आणि त्याला झेंडूची माळ. दारात एक पन्नाशीची बाई उभी होती. बाबांनी कशासाठी आलो ते सांगितलं. तिने बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्याकडे बोट केलं आणि स्वतः मात्र उंबऱ्याच्या आत आली नाही.

कोपऱ्यात बॉक्स होता. वर जुनी चादर होती, आणि त्याचं तोंड भिंतीकडे होतं. भिंतीला अगदी टेकलेलं. शिक्षा म्हणून पोराला कोपऱ्यात उभं करतात, तसं.

"फिरवू का, मावशी?" मी विचारलं.

"फिरवा," ती म्हणाली, आणि ओसरीची पायरी उतरून अंगणात गेली.

आम्ही चादर काढून बॉक्स फिरवला. एकट्याने उचलता येईल असा होता, मला पहिल्यांदा त्याचंच बरं वाटलं. बाबांनी खोलीतल्या प्लगला वायर लावली. बटण दाबल्यावर मी कान लावून ऐकलं, तर आवाजच नाही. सूं नाही, घूं नाही. एक बारीक हिरवा दिवा लागला म्हणून चालू आहे एवढं कळलं. मी सोबत आणलेला माईक जोडला, आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले, आणि बाबांनी पाठ केल्यावर नेहमीसारखं हळू बोलले, "कोथिंबीर, मिरच्या, पाव किलो भेंडी."

 बाबा सावकाश वळले आणि बॉक्सकडे न बघता बॉक्सच्या शेजारी, रिकाम्या जागेकडे बघायला लागले. मग दूर उभी असलेली मी त्यांना दिसले.

"तू तिथून बोललीस?"

"हो."

"मला वाटलं माझ्या मागे येऊन उभी राहिलीस," ते म्हणाले. 

मग मी गिटार आणि प्रोसेसर जोडला. हेडफोनमध्ये जे ऐकलं होतं तेच, तसंच्या तसं, आता खोलीत उभं राहिलं. मी दोनच मिनिटं वाजवलं असेल. अंगणातून आवाज आला, "पोरी, बंद कर आता."

बाई क्रूसाला हात टेकून उभी होती. मी बटण बंद केलं. बाबा ओसरीवर गेले आणि त्यांनी सरळ विचारलं, "ताई, बॉक्स झकास आहे. तो भिंतीकडे तोंड करून का ठेवलाय?"

ती पायरीपर्यंत आली. मग ओसरीच्या कडेला बसली आणि बोलायला लागली, आमच्याकडे न बघता.

तिचा नवरा सहा वर्षांमागे होडी घेऊन गेला होता. सोबत एक भागीदार. संध्याकाळी यायचे ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी असंच धुकं. गावातले पुरुष होड्या घेऊन शोधायला गेले. दिराने हा बॉक्स ओसरीवर आणला आणि समुद्राकडे तोंड करून ठेवला. गावातल्या बाया पाळीपाळीने माईकवर हाका मारायच्या. धुक्यात दिसत नाही, पण आवाज ऐकून किनारा कुठे ते कळेल, म्हणून.

"तिसऱ्या दिसाला दुपारी बाप्ये परत आले. बोलले, आता न्हाय. दिरानं माईक काढून घेतला. वायर अशीच अंगणात पडलेली. सगळी जेवायला गेली. मी हितंच बसलेली." तिने ओसरीच्या दगडावर हात ठेवला. "आन् बॉक्स बोलला."

"काय बोलला?" मी विचारलं.

"माझं नाव. तीनदा. मग नुसती खरखर. मग अजून एकदा नाव. धन्याचा आवाज, मला वळखू येनार न्हाय का? मी उठले आन् त्याचं तोंड भिताडाकडं केलं. तवापासून कुणी लावला न्हाय. आज तुमीच."

ऊन होतं, अंगणात कोंबड्या फिरत होत्या, आणि माझ्या पाठीवर मात्र कुणीतरी गार हात ठेवल्यासारखं झालं. मागे खोलीत बॉक्सचं तोंड आता आमच्याकडे होतं. दिवा बंद होता. मी तरीही दोनदा वळून पाहिलं.

बाबांचा स्वभाव असा की बिघाडाचं कारण माहीत असलं की त्यांना गप्प बसवत नसे. शिवाय समोरच्या बाईची भीती त्यांना बघवली नसणार. ते तिच्यापासून थोड्या अंतरावर बसले आणि समजुतीने सांगायला लागले.

"ताई, घाबरू नका. यात भुताखेताचं काही नाही. मी टेलिफोनमध्ये होतो. लोक यायचे, म्हणायचे रिसीव्हर उचलला की आत कुणीतरी भजन म्हणतंय. जवळचं रेडिओ स्टेशन तारेत घुसायचं, बस. उघडी वायर म्हणजे एरियलच. माईक काढला, वायर पडून राहिली, बॉक्स चालू. बाहेर कुणी वायरलेसवर बोललं असणार आणि ते या वायरने पकडलं. एखाद्या बोटीवरचा वायरलेस असेल. माणूसच बोलत होता. जिवंत माणूस."

ती ऐकत होती. तिने पहिल्यांदा बाबांकडे सरळ पाहिलं.

"म्हंजी," ती म्हणाली, "तवा तो जित्ता व्हता?"

 बाबांनी जे सांगितलं त्याचा अर्थ त्यांना तेव्हा कळला. मलाही तेव्हाच कळला. भूत नसेल तर मग माणूस होता. तिसऱ्या दिवशी, शोधणारे परत फिरल्यावर, तो बोलत होता.

"तसं नाही," बाबा म्हणाले. "कुणीही असेल. आवाज सारखे असतात…"

"बाप्ये तवाच जेवायला बसले व्हते," ती म्हणाली. ओरडून नाही, रडून नाही. जणू स्वतःशीच पडताळून बघत होती. मग तिने पदराने ओसरी पुसल्यासारखं केलं. "भाऊ, एक करा. गावात कुणाला बोलू नका. लई शोधला त्यांनी. त्यांना झोप लागायची न्हाय."

होडी आठवड्याने वसईच्या बाजूला रिकामी सापडली, हे तिने आम्ही निघताना सांगितलं. माणसं सापडली नाहीत. बॉक्स न्यायला मी कचरत होते, पण तिनेच रिक्षा बोलावली. "न्या. आता मला त्याच्याबरोबर ऱ्हाता येनार न्हाय," ती म्हणाली. आता, हा शब्द तिने वेगळा काढून म्हटला.

रिक्षात बॉक्स आमच्या दोघांच्या मध्ये होता. मुर्ध्यापर्यंत बाबा बॉक्सवर हात ठेवून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "कुणी विचारलं होतं मला?"

बॉक्स माझ्या कामाला मात्र असा लागला की काय सांगू. ऑर्केस्ट्रातल्या बाया म्हणाल्या, गिटार बदललीस का? जमिनीवर आडवा ठेवून तोंड माझ्याकडे केलं की मला माझं सगळं ऐकू यायचं, आणि जिना चढताना तो एका हातात यायचा. पण त्याचा शांतपणा विचित्र होता. बाकीचे स्पीकर चालू असले की कळतं, ते काहीतरी बारीक बोलत असतात. हा मात्र दिवा लागला तरी गप्पच. आमची मुख्य गाणारी, तिला चौकचं काहीच माहीत नव्हतं, एका हळदीकुंकवाला आपला माईकचा स्टँड उचलून दुसऱ्या बाजूला गेली. मी विचारलं तर हसून म्हणाली, "काय माहीत. याच्यासमोर उभं राहिलं की वाटतं मागून कुणीतरी बोलायला तोंड उघडलंय."

घरी वेगळंच सुरू झालं. मोबाइल वाजायच्या आधी जवळच्या स्पीकरमध्ये टिक-टिक-टर्र होतं, ते तेव्हा सगळ्यांकडे व्हायचं. आमच्याकडेही व्हायचं, आणि बाबा हातातलं काम टाकून उभे राहायचे. फोन वाजला की बसायचे. कधी कधी टर्र होऊन फोन वाजायचाच नाही. मग ते बराच वेळ उभे असायचे.

एका रविवारी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर बाबांनी बॉक्स खिडकीशी ठेवला होता. लांब वायर जोडली होती, आणि तिचं मोकळं टोक खिडकीच्या गजाबाहेर सोडलं होतं. दिवा लागलेला होता.

"बाबा, काय करताय?"

"गप्प. बस इथे."

मी बसले. खाली भाजीवाला ओरडत होता, समोरच्या बिल्डिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. बॉक्स गप्प होता. पाऊण तास आम्ही दोघं तसेच बसलो होतो. मी उठणार एवढ्यात बॉक्समध्ये कुणीतरी श्वास घ्यावा तसा आवाज झाला. मग खरखर. मग एक माणूस, अगदी खोलीत असल्यासारखा, थकलेल्या आवाजात म्हणाला, "छोड़… छोड़… रस्सा छोड़. बस."

आणि बंद.

मी खिडकीपासून मागे सरकले. बाबा मात्र खिडकीतून खाडीच्या दिशेला बघत होते. घोडबंदरच्या बाजूला खाडीत तेव्हा रेती काढणाऱ्या बोटी असायच्या, आणि त्यांच्यातल्या काहींवर वायरलेसचे सेट असायचे. बाबा म्हणाले, "रेतीवाले." त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं. पण ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.

त्याच दुपारी त्यांनी बॉक्स मागून उघडला आणि वायर लावायच्या जागी एक लहानसा भाग डाग देऊन बसवला. "आता बाहेरचं काही आत येणार नाही," म्हणाले. खरंच आलं नाही. मोबाइलची टर्रही बंद झाली.

पण बाबांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जेवता जेवता थांबायचे. एकदा भर दुपारी मी ऑफिसातून लवकर आले तर घराला कुलूप. संध्याकाळी आले, चपलांना ओली वाळू. "चौकला गेलो होतो," म्हणाले. "बंदरावर चौकशी केली. त्या होडीवर वायरलेस नव्हताच. लहान होड्यांवर कुठून असणार?"

"म्हणजे तो नव्हता."

"नव्हता. आपण जाऊ आणि तिला सांगू."

पुढच्या रविवारी गेलो. बाई अंगणात जवळा पाखडत होती. आम्हाला बघून तिने सूप खाली ठेवलं आणि ओसरीवर सतरंजी अंथरली. बाबांनी घसा साफ केला. मी त्यांना इतकं अवघडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"ताई, मी त्या दिवशी चुकीचं बोललो. मी बंदरावर विचारून आलो. तुमच्या होडीवर सेट नव्हता. त्यामुळे ते तुमचे मालक असणं शक्य नाही. वाऱ्याचं कुठलंतरी… कुणाचंतरी असेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"न्हवता?" तिने विचारलं.

"नव्हता."

तिने जवळ्यातला एक काडीएवढा कचरा उचलून बाजूला टाकला. "मंग माझं नाव कोन बोललं?"

"ते मला सांगता येणार नाही, ताई."

तिने सूप उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "बरं झालं." आत गेली आणि चहा घेऊन आली. चहा पिताना तिने मलाच विचारलं, बॉक्स चांगला वाजतो का, लग्नात वाजवता का, बाया नाचतात का. मी हो म्हटलं. निघताना तिने कागदात बांधून जवळा दिला आणि बाबांना म्हणाली, "येत जा, भाऊ." बाबा खरंच जात राहिले. महिन्या-दोन महिन्यांनी एक फेरी. काय बोलायचे ते मला माहीत नाही. येताना सुकी मासळी आणायचे, आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा आमच्या घरात कुणीतरी कुणाची तब्येत सांगू लागलं.

माझं मात्र अवघड झालं. बाबांनीच भूत घालवलं होतं आणि आता बाबांनीच ते परत आणून ठेवलं होतं. वायरलेस नव्हता तर ती काय ऐकत होती? मी विचार करायचा नाही असं ठरवलं. बॉक्स चालू करताना आधी गिटारची वायर लावायचे आणि मगच बटण दाबायचे. वायर मोकळी ठेवून बटण मी कधीही दाबलं नाही. घरी कुणी नसलं तर त्याच्यावर टॉवेल टाकायचे. हे लिहिताना हसू येतंय, पण तेव्हा येत नव्हतं. तरी दोन वर्षं मी त्याच्यावर वाजवलं, आणि चांगलं वाजवलं. कधी कधी वाटायचं, कुणीतरी ऐकतंय. त्याची हळूहळू सवय झाली.

मग एका सकाळी चौकहून फोन आला. बाई तापाने गेली होती. दीर जहाजावरून आला होता, त्याने वहिनीच्या डब्यात बाबांचा नंबर सापडला म्हणून कळवलं. आम्ही मातीला गेलो. परत आल्यावर बाबांनी पाय धुतले, खुर्चीवर बसले, आणि मी पाणी आणून दिलं ते हातात तसंच धरून म्हणाले, "सेट होता."

मला आधी कळलंच नाही.

"होडीवर. त्या दिवशी मी बंदरावर गेलो ना, तेव्हा एक म्हातारा भेटला. होडी वसईहून ओढून आणणाऱ्यांत तो होता. सेट त्यानेच काढून ठेवलेला, दाखवला मला. जुना, हातभर. म्हणाला, चालला तर चालायचा, नाही तर नाही. बॅटरी पार उतरलेली होती. वापरून वापरून उतरते तशी."

"पण तिचं नाव?" मी म्हटलं. "वायरलेसवर कुणी बायकोचं नाव कशाला घेईल?"

"मीही तेच विचारलं. म्हातारा म्हणाला, सेटवर बोलताना पहिलं होडीचं नाव सांगायचं असतं. तीनदा. मग थांबायचं, कुणी उत्तर देतंय का बघायचं." बाबांनी पाणी खाली ठेवलं. "होडीला तिचंच नाव होतं."

पंखा फिरत होता. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"तुम्ही तिच्याशी खोटं बोललात."

"हो."

"तिला माहीत नसेल? तिच्या नवऱ्याच्या होडीवर काय होतं ते?"

"होडीला दर वर्षी रंग तीच लावायची," बाबा म्हणाले. "मला नंतर तिनेच सांगितलं. असंच, बोलता बोलता. नावाची अक्षरंही तीच काढायची."

त्यानंतरच्या शनिवारी मीरा रोडला एका पूजेचा कार्यक्रम होता. मी बॉक्स मांडला, वायर लावली, बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. पहिलं गाणं सुरू झालं आणि माझी बोटं चालेनात. भूत होतं तोवर मी त्याच्याबरोबर वाजवू शकत होते. पण तीनदा नाव सांगून, उत्तराची वाट बघत थांबलेला माणूस होता हे कळल्यावर मला गाण्याच्या मधल्या जागा सहन होईनात. जिथे मी थांबायचे तिथे तोही थांबलेला असायचा.

तो कार्यक्रम मी कसाबसा पार पाडला. आठवडाभरात बॉक्स तिच्या दिराला परत नेऊन दिला. त्याने काही विचारलं नाही, ओसरीवर ठेवा म्हणाला. मग मी पुन्हा दुकानं फिरायला लागले. बाबा या खेपेला आले नाहीत. बोरिवलीच्या एका दुकानात मला एक स्पीकर मिळाला, जरा जड, जरा घोगरा, आणि चालू केला की सतत बारीक सूं करणारा. दुकानदार म्हणाला, "मॅडम, थोडा आवाज करता है." मी म्हटलं, चालेल, बांधा.